सोड्याचं वजन जुळलं

तीर्थरूप दादा,

वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्धाच वाकता आलं, पण पुरता पोचला असं समजा.) तुमचा खोकला कसा आहे? औषध कुंडीत ओतत असाल तर ओतू नका, वहिनींना कळतं. आम्ही ठीक आहोत. मी तर ठीकच्याही चार पावलं पुढे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

शिवणशाळा मला शिकवायला घ्यायला तयार आहे, पण शाळान्त परीक्षा पास नसलेल्या बाईला शिक्षिका म्हणता येत नाही म्हणे. म्हणून या वयात संध्याकाळच्या वर्गात जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बाकीचे विषय सुटले, रसायनानं मात्र पदर धरून ठेवला. पहिल्याच दिवशी वहीत समीकरण जुळवून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करायचं होतं. डावीकडचा एक ऑक्सिजन उरत होता, तो मी पाण्याच्याच ऑक्सिजनखाली दोनचा आकडा लिहून खपवला. आमच्या बाई (माझ्या धाकटीच्या वयाच्या, पण डोळे वटारले की मी उभी राहते) म्हणाल्या, "काकू, हे पाणी राहिलं नाही, जखम धुवायचं औषध झालं. कुणाला प्यायला देऊ नका!" तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. एक बाही उरली म्हणून सदऱ्याला तिसरी बाही कुणी लावतं का? आणखी एक सदरा बेततो. तसंच रेणूच्या आत हात घालायचा नाही, रेणूच जास्त घ्यायचे.

घरी ह्यांनी अभ्यासात मदत करायची ठरवली. व्हिनेगर तेवढंच ठेवून सोडा दुप्पट घातला की वायू दुप्पट निघणार, असं ह्यांचं ठाम मत. व्हिनेगर संपलं की उरलेला सोडा नुसता बसून राहतो, हे मी परोपरीनं सांगितलं. ह्यांनी पैज लावून बाटलीला बूच ठोकलं. वायू दुप्पट झाला नाही, पण झाला तेवढ्यानं बूच उडून ट्यूबलाइटचा चुरा झाला. (पैज मी जिंकले. काचाही मीच वेचल्या.)

आता परवाची गोष्ट. प्रात्यक्षिकाला खाण्याचा सोडा तापवून त्याचा धुण्याचा सोडा करायचा होता. समीकरण जुळवलं, हिशेब मांडला : आठ पूर्णांक चार ग्रॅम घेतला तर पाच पूर्णांक तीन उरायला हवा, बाकीचं पाणी आणि वायू होऊन निघून जायला हवं. तापवला, गार केला, काट्यावर ठेवला. पाच पूर्णांक नऊ! शेजारच्या टेबलावरचे ड्रायव्हरकाका (निवृत्त झाले तरी घाई जात नाही) कुजबुजले, "ताई, तीन लिहा आणि सुटा. काटा काय कोर्टात साक्ष देणार आहे?" बाई घड्याळाकडे बघत होत्या. माझा हात तीनकडे वळलाही होता, तेवढ्यात वाटीच्या झाकणाला आतून थेंब दिसले. जे पाणी निघून जायला हवं होतं, ते अजून तिथेच मुक्कामाला!

मी म्हटलं, "बाई, माझा हिशेब बरोबर आहे. सोडा कच्चा आहे. पुन्हा तापवू द्या."

"वेळ संपत आलीय, काकू."

"आकडा खोटा लिहिण्यापेक्षा वेळेपायी नापास करा."

बाईंनी स्वतः काडी ओढून बर्नर पेटवला. झाकण बाजूला सरकवून मी सोडा चांगला खरपूस तापवला, थेंब उडाले, वाटी गार होईपर्यंत श्वास धरून बसले. काट्यावर ठेवली. पाच पूर्णांक तीन! दादा, मी वर्गात चक्क टाळ्या पिटल्या. बाईंनीही पिटल्या, आणि मग शिस्तीची आठवण होऊन मला गप्प बसवलं. ड्रायव्हरकाकांनी तर आपला आकडा खोडून पुन्हा बर्नर मागितला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची (शास्त्रज्ञ) धाकटी

ता.क. ही सराव परीक्षा होती. पण माझं नाव खऱ्या परीक्षेला गेलं आहे. ती पुढच्या महिन्यात.

आणखी ता.क. तोवर ह्यांना तुमच्याकडे बोलावून घ्या. कालच ते बाजारातून मोठी बाटली आणि घट्ट बूच घेऊन आलेत. ह्यांना तुमची फार आठवण येते आहे. त्यांना अजून हे माहीत नाही, पण तुमचं बोलावणं आलं की कळेल.