आगमन दालनातली बाई

५ एप्रिल
पोचले एकदाची! विमानतळावर अंबरीष फुलांऐवजी गरम कॉफीचा कॅन घेऊन उभा होता. सात महिन्यांनी नवरा भेटला आणि मी आधी त्या कॅनला हसले. ओजिमातलं घर नवव्या मजल्यावर. अख्खं घर पुण्याच्या आमच्या हॉलएवढं, पण ऊन भरपूर. शेजारच्या जपानी आजी कचऱ्याचं वेळापत्रक देऊन गेल्या. मी वाकले, त्या त्याहून खाली वाकल्या, मी आणखी. शेवटी अंबरीषनेच आम्हाला थांबवलं.

८ एप्रिल
अंबरीषचं काम मजेशीर आहे. कॅरिबियनमधल्या एका बेटाच्या आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी त्याची कंपनी गर्दी मोजणारं सॉफ्टवेअर बनवते. आपले सकाळचे सात म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. रोज सकाळी तो घरूनच तिथले कॅमेरे तपासतो. पोहे परतता परतता मीही डोकावते. टोप्या घातलेले पर्यटक, सामानाचा फिरता पट्टा, काचेबाहेर माड. एका चौकटीत मात्र जुनं आगमन दालन, सगळं सामसूम, आणि बाकावर पिवळ्या झग्यातली एक बाई. अंबरीष म्हणाला, बिचारी रोज कुणाला तरी घ्यायला येते, कुणी येतच नाही. ‘बिचारी’ फार हळू म्हणाला.

१२ एप्रिल
निशी-कसाईच्या भारतीय दुकानातून रवा आणून इडल्या केल्या. अंबरीष तिसऱ्या हाकेला आला. हल्ली सहालाच उठून बसतो, तोही दाढी करून. सात महिने माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलला, एकदाही दाढी केली नव्हती. आज मी मुद्दाम पिवळा कुर्ता घातला. त्याचं लक्षही गेलं नाही.

१६ एप्रिल
तो अंघोळीला गेल्यावर त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. बाईने पाठ फिरवली. तो येऊन बसला तशी तिने मान वर केली, थेट कॅमेऱ्याकडे. सुंदर आहे. माझ्यापेक्षा, लिहूनच टाकते, पुष्कळ सुंदर. तिला आपण दिसतो का, मी विचारलं. “वेडी आहेस का विभा? तिला कसे दिसू आपण?” पण हे म्हणताना तो लाजला.

१९ एप्रिल
मिताली आली होती. तिचा नवरा जयेश अंबरीषच्याच टीममध्ये आहे. हसत हसत मी बाईचा विषय काढला, तर तिने इथूनच जयेशला फोन लावला. तो म्हणाला, कुठली बाई? ते दालन वादळात पडझड झाल्यापासून वर्षभर बंद आहे. बाक रिकामा असतो, गणती कायम शून्य.
मिताली गेली. मला भीती वाटायला हवी होती. पण मनात आलं ते एवढंच, की म्हणजे ती फक्त याच्यासाठीच येते.

२२ एप्रिल
त्याला जयेशचं बोलणं सांगितलं. कडाक्याचं भांडण झालं. “तुला काय कळतंय? तिला माझ्याशिवाय कुणी नाही.” आणि मला कोण आहे इथे, मी विचारलं.
तो दूध आणायला खाली गेला, तेवढ्यात मी यादीतून त्या दालनाचा कॅमेराच काढून टाकला. चौकट काळी झाली. त्याआधी क्षणभर दिसलं — ती बाकावरून उठली होती.

२३ एप्रिल
चिडला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसलाय. बूटसुद्धा घातलेत. घरात.

२४ एप्रिल, सकाळी नऊ
बेल वाजली. दाराजवळच्या छोट्या पडद्यावर इमारतीचं खालचं दार दिसतं. पिवळा झगा. ओलाचिंब. बाहेर लख्ख ऊन आहे.
उघडलं नाही. जयेशला फोन केला. निघालाय. अर्धा तास लागेल म्हणाला —

सव्वानऊ
पुन्हा बेल. पडद्यावर कुणी नाही. ही बेल खालची नव्हे. आमच्या दाराची.
कुलूप, साखळी, दोन्ही लावलीत. दाराला पाठ टेकून लिहितेय. बाहेरून हाक येतेय — अंबू, अंबू. त्याला या नावाने फक्त मी — फक्त मीच —
तो उठला. समोर उभा आहे. परक्या बाईकडे बघावं तसा बघतोय. अदबीने म्हणाला, “जरा बाजूला होता का? मला घ्यायला आलेत.”
होता का. मला म्हणाला. होता का.
नाही सरकणार. माझा नवरा आहे, ऐकलंस का गं, माझा —
पाठीमागे ओलं लागतंय. साखळी आपोआप —