कुसुमाला रंग आला होता

अण्णा, गेल्या आठवड्यात मी एक फॉर्म भरला. आपल्या नर्सरीतल्या कुसुमाच्या झाडाची नवी जात म्हणून नोंद करायची होती. ‘वाण कोणाला सापडला’ या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. खाली ‘आणखी कोणाचा सहभाग असल्यास’ असं विचारलं होतं, तिथं आडवी रेघ मारली. रेघ मारताना हात थांबला नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. आता फाल्गुनात फुलंब्री रोडवरच्या गाड्या आपल्या गेटापाशी थांबतात, माणसं उतरून झाडाखाली फोटो काढतात. साध्या कुसुमाची लाल पालवी थोड्याच दिवसांत हिरवी होते. आपल्या झाडाची आधी गुलाबी होते, मग शेंदरी, आणि वैशाख लागला की शिरा तांबड्या राहून पान हळदीसारखं पिवळं पडतं. पानगळीच्या आधी पुन्हा तांब्याचा रंग. फार्महाऊसवाले वर्षभर आधी कलमं सांगून ठेवतात.

मी तेव्हा सातवीत होते. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि शाळा सुटली की मी थेट नर्सरीतच यायचे. कन्नडच्या घाटातून तुम्ही पोतंभर कुसुमाचं बी आणलं होतं, त्याची रोपं पिशव्यांमधून ओळीनं उभी होती. पाणी घालता घालता मला एकाची पानं वेगळी दिसली. मी पळत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही लांबूनच बघितलं आणि म्हणालात, “रोगट हाये. उपटून टाक.” मी उपटलं नाही. पाण्याच्या टाकीमागं नेऊन ठेवलं आणि रोज चोरून पाणी घालत राहिले. पिशवी फाटून मूळ जमिनीत गेलं. तिसऱ्या फाल्गुनात ते माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि असं पेटलं, की टाकीआडून तुम्हाला दिसलंच. तुम्ही त्याच्यापुढं उकिडवे बसलात, किती वेळ कोण जाणे. मी कुंड्यांच्या रांगेत उभी राहून वाट बघत होते. मला वाटलं, आता हाक माराल.

हाक मारलीत ती पुढच्या वर्षी, चहा आणायला. शेती कॉलेजातले एक सर झाड बघायला आले होते. त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला मिळालं कुठं?” तुम्ही म्हणालात, “मिळतंय कुठलं साहेब, हजार रोपांतून निवडलंय. त्याला पारखी नजर लागती.” मी हातात ट्रे घेऊन उभी होते. म्हटलं, “मला सापडलं होतं अण्णा. तुम्ही उपटायला सांगितलं होतं.” तुम्ही हसलात. “आई नाय तिला, साहेब. कायबी बोलती.” त्या सरांनी माझ्याकडं ज्या कीव आलेल्या डोळ्यांनी बघितलं ना, ते डोळे मला अजून जसेच्या तसे दिसतात. ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडचा कलमाचा चाकू मागून घेतला. पाचर कलम तुम्हीच शिकवलं होतं मला, बोट धरून. त्याच चाकूची मूठ तुम्ही माझ्या बोटांच्या पेरांवर हाणलीत, दोनदा. “तू काय पायलं नाय. मी पायलं. ध्यानात ठेव.” मग दोन वर्षं मी नुसत्या मातीच्या पिशव्या भरल्या. दुष्काळाच्या साली तुम्ही स्वतःची आंघोळ बंद करून ते पाणी त्या झाडाला घातलंत, तेही मी बघितलंय. ते झाड तुमचंही होतं. पण फॉर्मवर मी हे लिहिलं नाही.

माझं लग्न झालं, मी बजाजनगरला आले. नवरा कंपनीत, घर दोन खोल्यांचं. तुमची उजवी बाजू गेली तेव्हा तुम्हाला ठेवायला दुसरं होतं कोण? पुढच्या खोलीत खिडकीजवळ खाट टाकली. सकाळी तुमचं सगळं आवरून मी स्कूटीवर नर्सरीला जायचे आणि दिवस कलायच्या आत परत यायचे. पहिल्या फाल्गुनात तुम्ही विचारलंत, जीभ जड झाली होती तरी नीट कळलं, “रंग आला का गं?” मी नुकतीच त्या झाडाखालून आले होते. पायरीवर काढलेल्या चपलेला एक शेंदरी पान चिकटलेलं होतं. मी म्हटलं, “नाय. हिरवंच हाये यंदा.”

“उशीर व्हत असंल.”

“असंल.”

तुम्ही रोज विचारलंत आणि मी रोज तेच सांगितलं. “मला एकदा तिकडं ने,” म्हणालात, तर मी म्हटलं, “रिक्षात बसवणार नाय तुम्हाला.” रिक्षा तर कोपऱ्यावरच उभी असायची. नवरा म्हणालासुद्धा, “रविवारी न्यायचं का त्यांना? मी उचलतो.” मी त्यालाही गप्प केलं. आणि त्याच दिवसांत मी त्या झाडाच्या काड्या काढून कलमं बांधत होते. बहुतेक सगळी लागली.

दुसऱ्या फाल्गुनात तुम्ही विचारायच्या आधीच मी सांगितलं, “वाळलं ते झाड. बुडाला वाळवी लागली.” तुम्ही रडलात. आई गेली तेव्हाही तुम्हाला रडताना मी बघितलं नव्हतं. मग म्हणालात, “काडी आण त्याची.” दुसऱ्या दिवशी येताना मी रस्त्याकडेच्या कडुनिंबाची एक वाळकी काडी मोडून आणली आणि तुमच्या डाव्या हातात दिली. तुम्ही ती अंगठ्यानं चाचपली, नाकाशी नेली, नख लावून साल काढली. मग माझ्याकडं बघितलं.

“ह्यो तर लिंब हाये.”

“कुसुमच हाये, अण्णा.”

“लिंब हाये गं. साल बघ.”

मी खाटेजवळ बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हटलं, “तुमची नजर गेली आता. डॉक्टर म्हणले होते मला, तुम्हाला सांगितलं नाय.” डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. तुम्ही काडी पुन्हा डोळ्यांसमोर धरली. चाळीस वर्षं झाडांत काढलेला माणूस, नुसत्या कोंबावरून गावरान आंबा कुठल्या शिवारातला ते सांगणारा. काडी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “असंल.”

त्यानंतर तुम्ही एकही झाड ओळखलं नाहीत. माझी मुलगी खिडकीतून बोट करून विचारायची, “आजोबा, हे कसलं झाड?” तुम्ही म्हणायचात, “आईला इचार. मला दिसत नाय.” तिकडं बघायचातही नाही. श्रावणात गेलात. भेटायला आलेली माणसं म्हणाली, पोरीनं केलं तेवढं पोरानं केलं नसतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. नवऱ्याला एकदा मी हे सगळं सांगितलं, रागाच्या भरात झालं असं मी म्हटलं, आणि त्यानं समजून घेतलं. पण राग नव्हता, अण्णा. राग केव्हाच सरला होता. तुम्ही “असंल” म्हणालात तेव्हा मला कडकडून भूक लागली. मी ताट वाढून घेतलं, तुमच्या खाटेसमोर बसून जेवले, आणि कितीतरी दिवसांनी जेवणाला चव लागली.