चालू खात्याचे अकरा रुपये आणि बाळाबाईची मेंढरं

हे लिहायचं मी तीन दिवस टाळतोय. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिळालं, पण वॉर्डाच्या खिडकीतून समोरच्या गॅरेजात एक जुनी बुलेट उघडलेली दिसली. ती जोडून होईपर्यंत बघत बसलो. आज सिस्टरनी ऑपरेशनचा फॉर्म आणला आणि 'जवळचे नातेवाईक' या रकान्यापाशी मी अडकलो. तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

तर मी, जोतिराम मायाप्पा बंडगर, वय एकोणतीस, मूळ मंगळवेढा तालुक्यातला, सध्या मुक्काम सोलापूर, शिक्षण अकरावी (बारावीच्या फीच्या पैशात हंपी बघून आलो), धंदा मोटारसायकलवरून गावोगाव चादरी विकणे, हे माझं मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या हातानं लिहितो. कोणी भरीस घातलेलं नाही. खडे पित्ताशयात आहेत, डोक्यात नाहीत. डोक्याविषयी ज्यांना शंका आहे, त्यांना ती आजारपणाच्या आधीपासून आहे.

कलम पहिलं. माझं बँकेत चालू खातं आहे. चालू खात्यावर कुणी व्याज देत नाही, पण बँकेतले साहेब म्हणाले, "आमच्याकडं मिळतं की. पंचवीस हजारांच्या वरची रक्कम आपोआप ठेवीत जाते. लागली की काढा." लागली की काढा, हे ऐकूनच मी सही केली. सात वर्षांत माझी शिल्लक पंचवीस हजारांच्या वर एकदाच गेली, तीही चार दिवस. व्याज आलं अकरा रुपये. आज त्यात चार हजार तीनशे बारा आहेत. ते शिवूला द्यावेत. शिवू माझ्याच गावचा, खोलीतला जोडीदार. खोलीभाडं तोच भरतो, त्यामुळं हे दान समजू नये.

मोटारसायकलही शिवूलाच. डावा इंडिकेटर लागत नाही. त्या इंडिकेटरची हुबळीजवळची एक गंमत आहे, पण ती राहू दे.

कलम दुसरं, आणि खरं कलम हेच. पोस्टात माझ्या नावानं पंधरा वर्षांचं पीपीएफ खातं आहे. त्यातले पैसे माझे नाहीत, मेंढरांचे आहेत. माझ्या बारशाला बाळाबाई आत्यानं एक मेंढी माझ्या नावावर सोडली होती. आमच्यात अशी मेंढी सोडली की तिचा वाढावा, म्हणजे पुढची सगळी पिल्लं, त्या पोराचा. माझ्या मेंढरांच्या उजव्या कानाला दोन चिरा असत. आई-बाप गेल्यावर आत्यानं मला वाढवलं आणि ती मेंढरंही. मी अठराचा झालो तेव्हा बावीस होती. ती विकून तिनं एक लाख वीस हजार माझ्या नावानं पोस्टात भरले. फॉर्मवर वारसाचं नाव लिहायचं होतं. मी म्हणालो, नंतर सांगतो. अजून सांगतोय.

दोन हजार एकोणीसला मला ते पैसे हवे होते. एका मित्राबरोबर गोव्यात चहाची गाडी टाकणार होतो. मी आत्याला नीट समजावलं की पोस्टात पैसे कोंडून पडतात, चालू खात्यात मोकळे राहतात आणि व्याजही मिळतं.

ती म्हणाली, "मोकळं ऱ्हातंय म्हनूनच नगं. तुजं पैसं तुज्यावानीच. दार उघडं दिसलं की निगालं."

"मग ठेव तुझ्याजवळ ते पासबुक! तुझं तोंडसुद्धा बघणार नाही."

पासबुक तिच्या पत्र्याच्या पेटीत राहिलं. मी सात वर्षं गावाकडं गेलो नाही. तो मित्र गोव्यात तीन महिन्यांतच कुणाचे तरी पैसे घेऊन पळाला. ते पैसे माझे नव्हते, कारण आत्यानं दिलेच नव्हते. हे तिला सांगायला जायला हवं होतं. तसा तीनदा मंगळवेढ्यापर्यंत गेलो आणि चादरी विकून परत आलो.

दरम्यान टपऱ्याटपऱ्यांवर मी लोकांना समजावत होतो की चालू खात्याच्या व्याजावर कर लागतो, पोस्टाच्या लागत नाही, तरी मोकळा पैसा बरा. एकदा एका कर सल्लागारानं मध्येच विचारलं, "तुमचं वर्षाचं उत्पन्न किती ओ?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्हाला कुठलाच कर लागत न्हाय की!"

खातं बंद पडू नये म्हणून पोस्टात वर्षाला निदान पाचशे भरावे लागतात. मी एकदाही भरले नाहीत. खातं बंद पडलं असेल, तरी आतले पैसे बुडत नाहीत. मी जगलो तर चार वर्षं थांबायचं, मेलो तर लगेच मिळतात. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून काही वेळेआधी होईल.

हे सगळे पैसे, अडीच लाखांच्या पुढं असावेत, बाळाबाई आत्याला द्यावेत. तिचे गुडघे गेलेत, स्वतःची मेंढरंही तिनं केव्हाच विकली, असं शिवू सांगतो. तिनं आधी गुडघ्यांचं बघावं. मग एक मेंढी घ्यावी, उजव्या कानाला दोन चिरा द्याव्यात, आणि मी बोललो ते विसरावं. शेवटचं कायद्यात बसत नसेल तर खोडावं.

कलम तिसरं. न खपलेल्या अकरा चादरी वॉर्डातल्या सिस्टरना. एक शेजारच्या खाटेवरच्या कल्लप्पांना देणार होतो, पण ते अक्कलकोटकडचे, मला कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणारे, कोर्टात मुरलेले. म्हणाले, "ज्याला काय मिळणार, त्यानं साक्षीदार हुयाचं नसतंय, तम्मा. मला चादर नको, पेन दे." म्हणून त्यांना काहीच दिलेलं नाही. शिवूही त्याच कारणानं बाद. दुसरा साक्षीदार आणायला तो खाली गेलाय.

ठिकाण : सोलापूर. तारीख : २८ मार्च २०२६.

सही : जोतिराम मायाप्पा बंडगर

साक्षीदार १ : कल्लप्पा सिद्धप्पा बिराजदार (सही)

साक्षीदार २ :

ही जागा अजून रिकामी आहे. शिवू आलाय, पण त्याच्या मागं काठी टेकत बाळाबाई आत्या आलीय. यानंच फोन केला असणार. तिच्या हातात पासबुक आहे. तिनं ते माझ्या उशाला उघडून ठेवलंय. दर मार्चला पाचशे, खातं काढल्यापासून, भांडणानंतरची सातही वर्षं, परवाच्या शिक्क्यापर्यंत. आता ती या कागदावर वाकून विचारतेय, "कुटं लावू रं आंगटा?"

कल्लप्पा माझ्याकडं बघतायत. तिला अंगठा का लावता येत नाही, हे आता मलाच सांगावं लागणार.