घरच्यापुरती मेथी

चि. शिवराज,

तुला आई आहे, विसरला असशील म्हणून आठवण करून देते. सांगतेय मी, लिहितेय तुझी लेक श्रेया. पत्र धाडायला मात्र ती कचरतेय.

फवारणीचं विष मोडणारं एन्झाइम रक्तात असतं म्हणं. श्रेयाच्या संशोधनात माझ्या रक्तात ते लई कमी निघालं. जन्मभर फवारलेल्या कापसात वाकले ना! तू तिला फोनवर दटावलंस, "आजीचं रक्त वगळ, नाय तर माझं फवारणीच्या औषधांचं दुकान बसेल."

बसू दे. रक्त माझं, संमतीच्या कागदावर अंगठाही माझाच. वगळू देणार नाय.

आणि अजिंठ्याला घरच्यापुरती बिनफवारणीची मेथी वेगळी लावतोस, ती का रं? इथं उस्मानपुऱ्याला आम्हा दोघींना दोन जुड्या पाठव. त्याच वाफ्यातल्या.

अंगठा तुझ्या आईचा,
आवडाबाई