फिरकीचा तांब्या

माय, तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की हाताचं पीठ झटकून तू चुलीपुढंच बसायचीस आणि मला म्हणायचीस, "सावकाश वाच. दोनदा वाच." म्हणून आजही पुटपुटत लिहितेय, म्हणजे तुला ऐकू गेल्यासारखं होईल. दुपारचे अडीच वाजलेत. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात, ती वाया कशाला घालवायची म्हणून त्यांच्यावरच सुरुवात केली. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुला काही सांगावं असं सारखं वाटायचं, पण लिहावं असं कधी वाटलं नाही. आता लिहावं लागतंय, कारण तुझं एक वाक्य मी एका संस्थेच्या कागदावर पहिला नियम म्हणून लिहिलं होतं, आणि परवा ते माझ्याच हातानं खोडलं.

घरात मी एकटीच असते. तुझे जावई गेले त्याला चार वर्षं झाली. मुलगा पुण्याला आहे, रविवारी फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो. मी "हो" म्हणते, मग दोघांनाही पुढचं सुचत नाही, म्हणून परभणीत ऊन किती आहे ते बोलतो. एकटीपुरता स्वयंपाक मला अजून जमत नाही. दोन भाकरींचं पीठ घ्यायचं ठरवलं तरी हात तिसरीचं घेतो. सकाळी पूजा, हरिपाठ, जमेल त्या शनिवारी एसटीनं पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला. देवापाशी मन मोकळं होतं, खोटं कशाला बोलू, पण देव उलटून विचारत नाही की काल तू काय केलंस. मंदिरातल्याच एका बाईनं मला त्या संस्थेत नेलं. औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. घरात एकटी पडलेली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं असतात, त्यांच्याकडं आठवड्यातून एकदा जाऊन तासभर बसायचं. मोबदला काही नाही. तू करायचीस तेच, फक्त आता त्याला ऑफिस आहे.

तू कुठं कुठं जायचीस हे मला आठवतं. कुणाची बाळंतीण अडली, कुणी तापानं फणफणलं, कुणाच्या घरी माणूस गेलं आणि चूल पेटली नाही, की तू निघालीस. डोक्यावरून पदर, कमरेला चंची, कधी टोपल्यात भाकरी आणि वर बेसनाचा गोळा. बोलावणं येण्याची वाट तू बघायची नाहीस. ओढ्यापलीकडच्या एका घरात बाळंतज्वर झाला होता तेव्हा तू आठ दिवस गेलीस. गावातलं दुसरं कुणी तिकडं फिरकलं नाही. एकदा मला सोबत नेलंस, मी दहा वर्षांची असेन. तू त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं कपाळ पुसतेयस आणि तिची सासू मला गुळाचा खडा देतेय, पितळी पेल्यात पाणी देतेय. मी प्यायले. परत येताना ओढ्यात पाय घातला आणि माझा कान पिळलास. "सेवेला गेल्यावर त्या घरचं पाणीबी घ्यायचं न्हाई. घेतलं की पाहुणपण झालं. ध्यानात ठीव." मी ध्यानात ठेवलं. माझ्या लग्नात तू दिलेला फिरकीचा तांब्या, झाकण फिरवून बसवायचा, अजून माझ्याकडं आहे. "कुठंबी जा, पाणी आपलं असावं," म्हणाली होतीस. पहिलीपासून ते मॅट्रिकपर्यंत जे शिकले त्यातलं बरंचसं विसरले, पण हे नाही.

तर संस्थेत झालं असं, की आम्ही नेमक्या कोण हेच लोकांना कळेना. एका घरी मी आजींचे पाय चेपून उठले तर सून म्हणाली, "मावशी, जाता जाता तेवढी भांडी घासून जा की. आमच्या बाईनं आज खाडा केलाय." दुसऱ्या घरी आजोबांनी मला नर्स समजून दंड पुढं केला, "टोचा, पर हळू." तिसऱ्या घरचा मुलगा विचारायला लागला, "तुमी सरकारकडून आलात ना? मग निराधारचे कागद कुठं अडकले ते सांगा." ऑफिसातली ताई, नांदेडकडची, माझ्या मुलापेक्षाही लहान, हे सगळं ऐकून आधी हसली आणि मग तिनं रेघा मारलेला कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "मावशी, नव्या सहा जणी यायल्यात. स्वयंसेविका म्हणजे कोण, तिनं काय करायचं, काय करायचं नाही, किती वेळ बसायचं, आणि तिला त्यातून काय मिळतं, हे तुम्हीच लिहा."

"अगं, मी मॅट्रिक बाई. मी काय लिहू?"

"माझ्या दोन डिग्र्या झाल्या, पण मी इथं खुर्चीवर बसते. घरात तुम्ही जाता."

चार दुपारी लागल्या मला. सगळ्यात आधी, अगदी न अडखळता, लिहिलं: सेवेच्या घरी अन्न, चहा, पाणी काहीही घेऊ नये. मग बाकीचं. ठरल्या वेळेला जावं. औषध आपल्या हातानं देऊ नये, पाकिटावरची वेळ वाचून सांगावी. घरातलं भांडण ऐकावं, दुसऱ्या घरी नेऊ नये. बोलणं संपलं तर गप्प बसावं, लगेच उठू नये. हे शेवटचं लिहिताना मला बरं वाटलं, कारण ते माझं होतं, तुझं नाही. 'त्यातून काय मिळतं' या चौकटीत लिहिलं, समाधान. आता तुझ्यापाशी सांगते, समाधान वगैरे नव्हे, मला मंगळवार मिळत होता.

मंगळवार म्हणजे बाई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, सोनपेठकडच्या खेड्यांतच त्यांची सारी नोकरी झाली. आता खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून खाटेपासून ओट्यापर्यंत येतात. मुलगी नागपूरला. बाई बौद्ध. खाटेच्या समोर तथागतांची मूर्ती आणि निळ्या कोटातली तसबीर, दोन्ही रोज पुसलेली. मी पेपर वाचून दाखवायचे आणि त्या डोळे मिटून माझ्या चुका काढायच्या. "स्वल्पविराम आला की थांबत जा. मी काही पळून जायली न्हाई." दुसरं कुणी असं बोललं असतं तर मला लागलं असतं. पण चार वर्षांत मला कुणी टोकलंच नव्हतं, माय. टोकायला माणूस लागतं घरात.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "चहा ठेवते." मी म्हणाले, "नको बाई, सेवेला आले की मी काही घेत नाही." पुढच्या वेळीही तेच. एकदा भर उन्हाची मी चालत गेले, घसा कोरडा पडला होता. "पाणी तरी घ्या," त्या वॉकरवर उठायला लागल्या. "बसा बसा, माझ्याजवळ आहे," म्हणत मी पिशवीतून तुझा तांब्या काढला, फिरकी सोडली आणि त्यांच्यासमोर वरून धार धरून प्यायले. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "चांगलाय तांब्या. जुना दिसतोय."

"माझ्या आईचा."

"हं. आईचा," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर मला कधी काही विचारलं नाही. मला वाटलं, चला, बाईंना माझा नेम कळला.

कागद पूर्ण झाल्यावर ताई म्हणाली, "बाई शिक्षिका होत्या, त्यांच्याकडून शुद्धलेखन तपासून घेऊ." मलाही आनंद झाला. शाळेत असताना निबंध तपासून यायची वाट बघावी तशी मी वाट बघितली. कागद आला. लाल शाईनं वेलांट्या, उकार दुरुस्त केलेले. 'गप्प बसावं' च्या पुढं बरोबरची खूण. आणि पहिल्या नियमाच्या बाजूला, समासात, त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात एकच ओळ: "हा नियम कोणत्या घरांसाठी आहे?"

ताई खाली बघत म्हणाली, "आणि मावशी, पुढच्या मंगळवारपासून दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणाल्यात."

मला आधी राग आला, हेही सांगते. एवढी वर्षं देवधर्म करणारी बाई मी, मनात किल्मिष नाही, आणि माझ्यावर हे? सगळ्या घरी मी सारखीच वागते, असं रस्त्यानं मनाशी घोकत आले. घरी येऊन पीठ मळायला बसले आणि हात थांबला. सगळ्या घरी नाही. मागं एका घरी सत्यनारायण होता, तिथं मी वाटीभर शिरा खाल्ला होता, प्रसादाला नाही म्हणू नये म्हणून. नुसता खाल्ला नव्हता. पुढच्या मंगळवारी बाईंना वर्णन करून सांगितलं होतं, तूप किती होतं, केळं कसं विरघळलं होतं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

आणि मग एक दिवस आठवला, जो मी इतकी वर्षं आठवलाच नव्हता. पाटलाच्या वाड्यात म्हातारी आजारी होती. तू तिथंही जायचीस. तिचं अंग पुसून झाल्यावर तू ओसरीच्या पायरीवर बसलीयस, तुझ्या हातात ताकाचा पेला आहे, पाटलीण म्हणतेय, "अजून घे," आणि तू घेतेस. तेव्हा पाहुणपण झालं नाही. ओढ्यापलीकडून आलीस की मात्र आधी विहिरीवर जायचीस, मी डोक्यावरून पाणी ओतायचे, आणि मगच तू उंबरा ओलांडायचीस. "दमलेय गं, म्हणून आंघोळ," म्हणायचीस. पाटलाकडून आल्यावर तू दमत नव्हतीस का, माय?

मी तुला वाईट म्हणत नाही. माझी जीभ झडेल. जिच्याजवळ सगळं गाव जायला तयार नव्हतं तिचं डोकं तू मांडीवर घेतलंस. आणि तिच्या घरचं पाणी घेतलं नाहीस. दोन्ही तूच होतीस. मी तुझं दुसरं घेतलं आणि त्याला पहिल्याचं नाव दिलं, आणि मॅट्रिक झालेल्या सुवाच्य अक्षरात सहा नव्या बायकांना शिकवायला निघाले.

ताईकडून कागद परत मागून घेतला. पहिली ओळ खोडली आणि वर लिहिलं: घरातल्या माणसानं पाणी किंवा चहा दिला तर घ्यावा. सगळ्या घरी सारखंच वागावं. ताई म्हणाली, "बरं झालं. फक्त वस्तू, पैसे नको एवढं राहू द्या." ते राहू दिलं.

मंगळवारी नवी स्वयंसेविका चारला जाणार होती. मी अकराला गेले, कुणी न पाठवता. दार उघडंच होतं. बाई खाटेवर बसून भेंडी चिरत होत्या.

"तुमी? ताईनं सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं. मी सेवेला नाही आले."

"मग?"

पिशवी मांडीवर घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. सगळ्या वाटेनं जुळवून आणलं होतं. तुझ्याबद्दल सांगायचं, ओढ्याबद्दल, ताकाबद्दल. तोंडातून एवढंच निघालं, "बाई, पाणी देता का?"

त्यांनी सुरी बाजूला ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पिशवीकडं. "तांब्या कुठाय आज?"

"विसरले."

त्या वॉकर धरून उठल्या. मी हात द्यायला पुढं झाले तर म्हणाल्या, "बसा." माठापर्यंत चार पावलं, मला ती फार लांब वाटली. स्टीलचा पेला भरून त्यांनी ओट्यावर ठेवला, मी जाऊन घेतला. सवयीनं मान वर गेली, हात वर गेला, आणि मग मी पेला खाली आणून ओठाला लावला. त्या बघत होत्या. सगळं पाणी प्यायले. प्यायल्यावर पेला विसळायला मोरीकडं निघाले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "आमच्यात पाहुण्यानं पेला धुवायचा नसतो."

मी पेला ठेवला. त्या परत भेंडी चिरायला लागल्या. मी थोडा वेळ बसले, कागदात लिहिल्याप्रमाणे, बोलणं नव्हतं तरी. पुढच्या मंगळवारचं मी विचारलं नाही. निघताना "येते" म्हणाले, त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नुसतीच, मला अजून ठरवता येत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुला वाचून दाखवायलाही तिथं कुणी नसेल. वही मी फळीवर ठेवून देईन. फक्त एक तुला सांगायचं राहिलंय, ते बाईंना सांगता आलं नाही. तांब्या मी विसरले नव्हते. सकाळी निघताना सवयीनं भरून घेतला होता, आणि पाणी मागितलं तेव्हा तो पिशवीत, माझ्या मांडीवरच होता.