ओवीसाठी नवा तवा

आई,

तुम्ही अंघोळीला गेलायत आणि मला लॅबला उशीर होतोय, म्हणून लिहूनच निघते.

ओवीचा रिपोर्ट काल आला. लोह वाढलंय, डॉक्टर खूश आहेत. लोहाचे ड्रॉप्स मात्र चालू ठेवायचेत. शाळेतून आल्यावर संत्र्याच्या रसातून द्या. दुधाबरोबर नको, त्याने लोह अंगी लागत नाही. ती "आजी, इट्स यकी!" म्हणेल, तुम्ही विरघळू नका. नाचणीची खीर रात्री, कॅल्शियमसाठी.

शेगडीवर नवा तवा ठेवलाय. माझा नॉनस्टिकचा हट्ट सोडून लोखंडीच आणलाय, जिंकलात तुम्ही! तुम्ही पुण्याहून बॅगेतून आणलेला तवा मी न विचारताच गराजमध्ये नेऊन ठेवला होता. त्यावर वर्षानुवर्षं गव्हाच्या पोळ्या भाजल्यात. कितीही घासला तरी गव्हाचा अंश राहतोच, आणि ओवीच्या सीलिॲकला तेवढाही चालत नाही. पण हे तुम्हाला तेव्हाच समोर बसून सांगायला हवं होतं. तो तुमच्या आईंचा तवा होता, हे मला परवा तुमच्या लेकाकडून, परीक्षितकडून कळलं. गंजू नये म्हणून तेल लावून, माझ्या सुती ओढणीत गुंडाळून तुमच्या बॅगेत ठेवलाय.

नव्यावर फक्त ज्वारीची भाकरी. पीठ निळ्या डब्यातलंच घ्या. पहिल्या एकदोन भाकऱ्या चिकटतील, चिडू नका. त्याला अजून तुमच्या हाताची सवय नाही. मलाही जरा वेळ लागलाच की.

नीलांबरी