चंद्री विकून घेतलेला पाना

१ ऑगस्ट, सकाळी
आजपासून रोजनिशी लिहायची. पुढे लोक विचारतील, सोमेश्वरराव, नांदूरघाटसारख्या गावात एवढं मोठं गॅरेज उभं कसं केलं? तेव्हा पुरावा हाताशी असावा.

टूल सेट आला. लाल ट्रॉली, तिला कुलूप. ड्रॉवर बोटानं ओढला तरी अलगद सरकतो. प्रत्येक पान्याला, प्रत्येक गोटीला (सॉकेटला आम्ही गोटी म्हणतो) काळ्या फोमात त्याची त्याची जागा. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेटीत, टॉर्क रेंच. हातभर लांब, जर्मन पोलाद. बोल्ट जेवढा आवळायचा तेवढा आकडा लावायचा. तेवढा आवळला गेला की पाना स्वतःच 'टक' करून सांगतो, बस. माणसाच्या अंदाजाचा प्रश्नच मिटला. लाइफटाइम वॉरंटी.

पैशाची सोय चंद्री विकून केली. म्हैस होती. खायची फार. गोठा रोडला लागून आहे, तो रिकामा झाला म्हणून गॅरेजला जागाही मिळाली. याला म्हणतात प्लॅनिंग.

 चंद्री माझ्या बायकोच्या, अंजनाच्या, माहेरची, तिच्या बापानं पारडी असताना दिलेली. दावं तेवढं घडी करून कपड्यांच्या पेटीत ठेवलं तिनं. म्हटलं, दिवाळीला दोन म्हशी आणतो. ती म्हणाली, दोन नगं, एकच आना, पर वसुबारसंच्या आत आना, न्हाईतर मी माझं बघीन. आमच्याकडे गाय नाही, वसुबारसेला चंद्रीलाच ओवाळायचे. ठीक आहे. वसुबारस कुठे पळून चालली आहे?

३ ऑगस्ट
भिंतीला पांढरा रंग दिला. त्यावर प्रत्येक पान्याची आउटलाइन काढली, मोठ्या कंपनीत असते तशी. अंजना म्हणाली, पाने पेटीत हायेत न, मग भिताडावर कावून काढले? तिला व्हिजन नाही. दोन्हीकडे जागा असलेली बरी.

दाराला पाटी लावली : 'हत्यार मागू नये. अपमान होईल.'

७ ऑगस्ट
गिऱ्हाईक नाही. पहिला आठवडा लोकांच्या अभ्यासाचा असतो. लोक बघतात.

रोडच्या पलीकडे सटवाचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एक लिंब, एक पत्रा आणि एक गोणपाट. गोणपाटात पाने. माझी उमेदीची वर्षं त्या लिंबाखाली गेली. दहाचा पाना मागितला की बाराचा अंगावर फेकायचा आणि म्हणायचा, मधी पत्र्याचा तुकडा घाल बे. उस्ताद म्हणायचो त्याला. नवीन पाने घ्या, असं सांगून सांगून थकलो. सोडून आलो त्या दिवशी म्हणाला, सोम्या, हत्याराला हात फुटत न्हाईत बे. जळतो.

१६ ऑगस्ट
सटवानं म्हैस घेतली. लिंबाला बांधली. कपाळावर पांढरा चांद आहे. अशा म्हशी या जिल्ह्यात पुष्कळ असतात.

संध्याकाळी आमच्या गोठ्याकडे, म्हणजे गॅरेजकडे, तोंड करून रेकत होती. जनावराला दिशा कुठे कळते? अंजना धुणं तसंच टाकून बाहेर गेली, बराच वेळ रोडच्या कडेला उभी होती. आत आली तेव्हा डोळे लाल. चुलीचा धूर लागला असणार.

१७ ऑगस्ट
चूल पेटवलेली नव्हती, हे आज लक्षात आलं. असो.

२९ ऑगस्ट
पहिलं गिऱ्हाईक! राधाकिशन आला. मोटरसायकल नव्हती बरोबर. म्हणाला, पक्कड दी जरा, घरी नळाची चकती बदलायची हाय. त्याला पाटी वाचून दाखवली. तो रोड ओलांडून सटवाकडे गेला, पक्कड घेतली, वर चहा पिला. दाट चहा असतो म्हणे तिथे हल्ली.

३० ऑगस्ट
राधाकिशनची मोटरसायकल सटवाकडे उघडलेली. पिस्टनचं काम. बरं झालं. असल्या गाड्यांवर माझ्या गोट्या झिजवायच्या नाहीत.

अंजना म्हणाली, सटवाभाऊकडून समदं गाव पक्कड नेतं, म्हून समदं गाव गाडी बी तिथंच नेतं. मी म्हटलं, हत्यार उसनं देणं हा बिझनेस नव्हे. ती म्हणाली, तुमचा कोनता बिझनेस हाय मग?  

संकल्प : उद्यापासून रोज सकाळी सगळे पाने पुसून, तेल लावून परत ठेवायचे. शिस्त दिसली की गिऱ्हाईक येतं.

१८ सप्टेंबर
पाने पुसले. तेल लावलं.

१९ सप्टेंबर
पाने पुसले. तेल संपलं. अंजना म्हणाली, सैपाकाचं व्हतं ते.

२ ऑक्टोबर
अंजना सुंदररावांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. म्हटलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोक म्हनतील ही खाती कुठून त्ये कळलं एकदाचं. टोचून बोलायची सवय तिला नव्हती. माहेरून फोन येत असावेत.

१९ ऑक्टोबर, दुपारी
आला! सुंदररावांचा ट्रॅक्टर आला!

सुंदरराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन. ट्रॅक्टरचं हेड गॅसकेट गेलंय. दसऱ्याला ऊसतोडीची टोळी भरून कारखान्याला न्यायचीय, त्याच्या आत पाहिजे. ड्रायव्हर बिभीषण म्हणाला, बाईसायबांनी सांगितलं, अंजनाच्या मालकाकडं टाका, तिनं लई हात जोडले. ड्रायव्हर लोकांना काय माहीत असतं. माझं नाव कानोकान गेलेलं आहे.

हे काम झालं की सुंदररावांचे सगळे ट्रॅक्टर माझ्याकडे. मग टोळ्यांचे मुकादम. वसुबारसेला दारात म्हैस. अंजनाला आत्ताच सांगितलं. ती हसली. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा हसली असेल. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

२२ ऑक्टोबर
इंजिनाचं हेड केजच्या वर्कशॉपातून घासून आणलं. गॅसकेट नवं. बोल्ट आवळले की काम संपलं. आजच झालं असतं. पण उद्या खंडेनवमी. टॉर्क रेंचचं पहिलं काम आणि तेही सुंदररावांचं, ते पूजेअगोदर करायचं? मनाला पटेना.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा कशी असते ते गावानं आज बघितलं असतं. कोणी आलं नाही.

सटवानं गोणपाट तसंच देवापुढं ठेवलं, वर झेंडूची दोन फुलं टाकली. झाली पूजा! मी ट्रॉली रिकामी केली, पाटावर एकेक पाना मांडला, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं तोरण. टॉर्क रेंचला पंचामृताची अंघोळ घातली. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं. एवढ्या किमतीच्या हत्याराला नुसतं पाणी शिंपडणं शोभत नाही. मुठीजवळ बारीक फट आहे. आतपर्यंत पोचावं म्हणून तिच्यातून चमच्यानं घातलं. दूध अंजनानं सटवाकडून आणलं. दाट होतं.

दुपारी बिभीषण आला. सुंदरअण्णा म्हनत्यात, आजच आवळून टाका, उद्या टोळी भरायची हाय. मी सांगितलं, हत्यारं पूजेत आहेत, उद्या पूजा उतरेपर्यंत हात लावणार नाही. अंजनानं मला बाजूला घेतलं. सटवाभाऊनं म्हणे दोन पाने आणि हातोडा पूजेतून वगळून ठेवलाय, अडल्यानडल्याला. वर म्हणते, देव काय पाने मोजाया बसलाय व्हय? देवाला फसवणारी माणसं ही. मी ठाम राहिलो.

२४ ऑक्टोबर, दसरा, सकाळी
पूजा उतरवली. रेंच वरून कोरडा पुसला. थोडा चिकट लागतो. ग्रिप चांगली येईल.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळी
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आकडा लावला. पहिला बोल्ट आवळला. टक आला नाही. आणखी आवळला. हाताला कळत होतं, बोल्ट बसलाय. पण हाताचंच ऐकायचं तर एवढा पाना घेतला कशाला? बिभीषण म्हणाला, सोमाभाऊ, बास झालं की. मी म्हटलं, पाना सांगेल तेव्हा बास. दोन्ही हातांनी जोर लावला. मग आवाज आला. तो टक नव्हता. बोल्टचं डोकं पान्यात आलं, बाकीचा बोल्ट इंजिनात राहिला.

सुंदररावांनी दुसरा ट्रॅक्टर पाठवला, साखळी लावली आणि बिघडलेला ट्रॅक्टर माझ्या दारातून ओढून पलीकडे सटवाच्या लिंबाखाली नेला. तीच वेळ शिलंगणाची. अख्खं गाव रोडवर, हातात आपट्याची पानं. टोळीतल्या बाया बोचकी घेऊन बसलेल्या, लेकरं रडतायत. सगळे माझ्याकडे बघत होते आणि सोनं देत होते. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

सटवानं निरोप पाठवला, तुटलेला बोल्ट काढायचं ते उलट्या आट्याचं हत्यार तुझ्या पेटीत असंल, ते दे. मी पाटीकडे बोट दाखवलं. अंजनानं चावी माझ्या खिशातून काढली, ड्रॉवर उघडला आणि स्वतः नेऊन दिलं. अंधार पडायच्या आत बोल्ट निघाला. ट्रॅक्टर चालू झाला तेव्हा टोळीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या हत्यारानं निघाला, हे कुणीच बोललं नाही.

सटवा सोनं द्यायला आला. मी गॅरेजच्या मागे होतो. कामात होतो.

२६ ऑक्टोबर
बोल्टच डिफेक्टिव्ह होता. यावर सविस्तर विचार केला आहे.

२७ ऑक्टोबर
वॉरंटीच्या नंबरवर फोन लावला. मुलीनं विचारलं, पान्यात काय गेलंय सर? सगळं सांगितलं. मध म्हटल्यावर तिनं फोन होल्डवर टाकला. मागे हसण्याचा आवाज. दुसऱ्या लाइनवरचा असेल. नंतर म्हणाली, हे वॉरंटीत बसत नाही. मग लाइफटाइम कुणाचं?

५ नोव्हेंबर
अंजनाचं खुरपणं बंद झालं. बाईसाहेबांनी नको सांगितलं. माझ्यामुळे, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

वसुबारस गुरुवारी. संकल्प : बुधवारी बाजारात जाऊन म्हशींचे भाव विचारून यायचे. नुसते विचारायला काही लागत नाही.

८ नोव्हेंबर
बाजारातून आलो. ट्रॉली नाही.

आधी चोरी वाटली. कुलूप फोडलेलं नाही. फोम नाही, गोट्या नाहीत, एकही पाना नाही. भिंतीवर नुसत्या आउटलाइन. आणि दारात, जिथे ग्राहक कक्ष करायचा होता तिथे, एक म्हैस. कपाळावर चांद. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

अंजना वैरण टाकत होती. म्हणाली, सटवाभाऊला हत्याराची पेटी दिली, चंद्री आनली. मी म्हटलं, विचारलं का नाहीस? ती म्हणाली, तुमी चंद्री इकताना इचारलं व्हतं का? बाजारात पाठ केलेले भाव माझ्या तोंडात होते. ते गिळले.

वाईट वाटलं. रोजनिशी खोटी लिहायची नसते म्हणून लिहून ठेवतो. फार वाईट वाटलं.

एकच गोष्ट परत आली. टॉर्क रेंच. सटवा म्हणाला म्हणे, ह्यो गोड झालाय, मला नगं.

९ नोव्हेंबर, वसुबारस
चंद्रीला ओवाळलं. कपड्यांच्या पेटीतलं दावं काढलं. खुंटा नव्हता. तो मी गॅरेज करताना उपटून जाळला होता. अंजनानं इकडे तिकडे बघितलं, टॉर्क रेंच उचलला आणि गोटी बसवायची बाजू खाली करून दगडानं जमिनीत ठोकला. वाकला नाही. मी बघत होतो. जर्मन पोलाद आहे.

१५ नोव्हेंबर
सटवाकडे गेलो होतो. सहज. बाराच्या गोटीनं तो बाराचाच बोल्ट खोलत होता. हात ग्रीसनं काळे, लाल ट्रॉलीही काळी, फोमात बिडीची थोटकं. मला बघून म्हणाला, बे सोम्या, लई झ्याक हत्यार हाय, माझं अर्धं आयुष्य पत्र्याचे तुकडे घालन्यात गेलं. मग पुढं म्हणाला, सकाळी ये, टोळ्यांचे टॅक्टर आलेत, मला एकट्याला उरकंना. मी म्हटलं, बघतो, माझंही शेड्युल आहे. त्यानं गोटी माझ्या अंगावर फेकली, धर म्हणाला. गरम होती. कामातली होती.

१८ नोव्हेंबर
शेड्युल बघितलं. सकाळी मोकळा आहे.

गॅरेजच्या भिंतीवर अंजना गोवऱ्या थापते. ऊन चांगलं येतं म्हणे. आउटलाइन बहुतेक झाकल्या. चौदाच्या रिंग पान्याची अजून दिसते.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी
सटवाकडून आलो. हात धुतले. काळं निघत नाही.

चंद्रीपुढे वैरण जरा लांब पडली होती. तिनं मान लांब करून दावं ओढलं. खुंटा ताणला आणि आवाज आला.

टक.

स्वच्छ, खणखणीत. कॅटलॉगमध्ये लिहिला होता तस्सा. मी ओरडलो, अंजना, ऐकलंस का? पाना चालू आहे! पाना बरोबर होता! ती म्हणाली, ऐकलं.

मी दावं हातात धरून ओढलं. आला नाही. पाय रोवून, दसऱ्याला लावला होता तसा जोर लावून ओढलं. नाही आला. मी बाजूला झालो, चंद्रीनं परत मान लांब केली. टक.

अंजनाला म्हटलं, असं कसं? ती म्हणाली, तिच्या जिवावर आनला व्हता न्हवं? मग तिचंच ऐकनार.

मग शेणाच्या पाटीकडे बोट केलं. मी पाटी उचलली.